युद्धात अडकलेल्या भारतीयांना सरकार बाहेर कसं काढतं

२ मार्च २०२२. युक्रेनवर हल्ला सुरू होऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी तिथल्या भारतीय वकिलातीने खारकीवमधल्या भारतीयांसाठी तातडीची सूचना काढली. शहर लगेच सोडा आणि पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का यांपैकी एका ठिकाणी संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा, एवढाच मजकूर. पाठोपाठ दुसरी सूचना आली: गाडी किंवा बस मिळत नसेल, स्टेशनवर अडकला असाल, तर चालत निघा. पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाई १२, बेझल्युदिव्का १६.

बॉम्ब पडत असताना पोरांना सोळा किलोमीटर चालायला का लावता, गाडी का पाठवत नाही, असं कुणाही आईबापाच्या मनात येणारच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शांतपणे समजून घेतलं, तर परदेशात युद्ध पेटल्यावर सरकारकडून काय मिळतं, कुठून मिळतं आणि तोवर आपल्याला काय करावं लागतं, हे सगळं उलगडतं.

वकिलातीच्या हातात काय असतं

वकिलात परक्या देशात त्या देशाच्या परवानगीने काम करते. १९६३ च्या व्हिएन्ना करारात दूतावासांच्या नागरी कामांची यादी आहे: आपल्या नागरिकांचं हित जपणं, त्यांना पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रं देणं, अडचणीत मदत करणं, कैदेत असलेल्याला भेटणं. हे सगळं आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मर्यादेत करायचं असतं. म्हणजे वकिलात बस भाड्याने घेऊ शकते, स्थानिक पोलिसांना विनंती करू शकते, सीमेवर आपला माणूस उभा करू शकते. बंद रस्ता उघडून द्यायचा, संचारबंदीतून सूट द्यायची, नाक्यावरच्या सैनिकाला बाजूला सारायचं, यातलं काहीही तिच्या अधिकारात नसतं. तिथली माणसंही मोजकीच असतात आणि गोळीबार सुरू झाला की तीही तळघरातच असतात.

खारकीवची गावं आणि सहाची मुदत रशियाकडून मिळालेल्या माहितीवर ठरली होती, असं परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं. लढणाऱ्या बाजूने अमुक वेळ, अमुक दिशा सांगितली की त्या वेळेत जितकी माणसं बाहेर पडतील तितकी पडतात. अशी वेळ पाळली जाईलच याचीही खात्री नसते. सुमी शहरातल्या सुमारे ७०० भारतीय विद्यार्थ्यांना ७ मार्चला बसमध्ये बसवलं होतं. शस्त्रसंधी टिकली नाही आणि त्यांना परत वसतिगृहात जावं लागलं. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, त्याच मुलांना बसने पोल्टावाला आणि तिथून रेल्वेने पश्चिमेकडे नेलं. बसमध्ये चढून पुन्हा उतरावं लागलं की माणूस मोडून पडतो, हे खरं. तरीही तसं झालं म्हणजे मदतीचा मार्ग बंद झाला, असं धरून चालू नये.

विमान युद्धाच्या बाजूच्या देशातून सुटतं

गेल्या पस्तीस वर्षांतल्या भारताच्या मोठ्या सुटका मोहिमा पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. युद्ध चालू असलेल्या शहरातून थेट विमान क्वचितच सुटतं.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. तिथून १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीय बाहेर आले. त्यातल्या बहुतेकांनी बसने इराक पार करून जॉर्डन गाठलं आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी ते घरी पोहोचले. दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या झाल्या. २००६ मध्ये लेबनॉनमधून नौदलाच्या जहाजांनी लोकांना सायप्रसला नेलं. २०१५ मध्ये येमेनमधल्या एडन, होदेदा आणि मुकल्ला या बंदरांतून जहाजं समोरच्या जिबूतीला गेली. तिथून हवाई दलाची विमानं मुंबई आणि कोचीला आली. साना शहरातून एअर इंडियाची विमानंही उडाली, पण तिथलं आकाश सौदी आघाडीच्या ताब्यात होतं, त्यामुळे दिवसातल्या ठरलेल्या थोड्या तासांतच. त्या मोहिमेत ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिक बाहेर निघाले. २०२३ मध्ये सुदानच्या खार्टूममधून लोक सुमारे ८५० किलोमीटर रस्त्याने पोर्ट सुदानला गेले, तिथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दाला, आणि मग भारतात. युक्रेनसाठी पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि मोल्दोवा वापरले. जून २०२५ मध्ये उत्तर इराणमधले ११० विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियाला गेले आणि येरेवानहून दिल्लीला आले.

कारण साधं आहे. लढाई सुरू झाली की तो देश आपली हवाई हद्द नागरी विमानांना बंद करतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतूनच मागे फिरलं, ते यामुळे. हद्द अर्धवट उघडी असली तरी विमा कंपन्या युद्धाच्या जोखमीचं संरक्षण काढून घेतात किंवा हप्ता अनेक पटींनी वाढवतात, आणि विम्याशिवाय विमान कंपनी विमान पाठवत नाही. मग हवाई दल उरतं. पण लष्करी विमान परक्या देशात उतरवायला त्या देशाच्या सरकारची वेगळी परवानगी लागते. सरकारच विस्कळीत झालं असेल तर ती द्यायची कुणी, हाही प्रश्न असतो.

अपवाद आहेत. एप्रिल २०२३ मध्ये खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यिदना इथल्या खराब झालेल्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-१३० जे विमान रात्री उतरलं. धावपट्टीवर दिवे नव्हते, दिशा दाखवणारी यंत्रणा नव्हती, इंधन नव्हतं. रात्री पाहण्याचे चष्मे लावून वैमानिकांनी विमान उतरवलं आणि १२१ जणांना आणलं. जे पोर्ट सुदानपर्यंत पोहोचूच शकत नव्हते, त्यांच्यासाठी ते धाडस होतं. आपल्यासाठीही असंच विमान येईल असं मनात धरून कुणी तळघरात बसून राहू नये.

म्हणून या प्रवासाचे तीन टप्पे वेगळे समजून घ्यावेत. लपलेल्या जागेपासून सीमेपर्यंत किंवा बंदरापर्यंत, हा पहिला. सीमा ओलांडून शेजारच्या देशातल्या तळापर्यंत, हा दुसरा. तिथून घरी, हा तिसरा. सरकारची पकड तिसऱ्या टप्प्यावर पूर्ण असते, दुसऱ्यावर बरीचशी आणि पहिल्यावर सर्वांत कमी. धोकाही पहिल्याच टप्प्यात सर्वांत जास्त असतो.

सूचनेतला एकेक शब्द

पहिला टप्पा सोपा व्हावा यासाठीच प्रवाससूचना निघतात. लढाईआधी बाहेर पडलेल्याला हा टप्पा पार करावाच लागत नाही. पण या सूचनांची भाषा जपून वापरलेली असते, कारण वकिलातीने आधीच ‘पळा’ म्हटलं तर यजमान देशाला ते खटकतं आणि उगाच घबराटही होते. त्यामुळे शब्दांचं वजन आपल्यालाच ओळखावं लागतं.

युक्रेनचंच पाहा. १५ फेब्रुवारी २०२२ ची सूचना म्हणाली: ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. २० तारखेला ‘विचार करावा’ गेलं आणि निघण्याचा सल्ला आला. २२ तारखेची सूचना आणखी स्पष्ट होती. ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाकडून अधिकृत उत्तर येण्याची वाट पाहू नका, निघा. त्याच दिवशी एअर इंडियाचं विशेष विमान कीव्हहून लोकांना घेऊन आलं. २४ ला पहाटे हल्ला झाला, हवाई हद्द बंद झाली आणि सूचना उलटली: जिथे आहात तिथेच थांबा.

‘विचार करावा’ ते ‘तिथेच थांबा’, मध्ये नऊ दिवस. या नऊ दिवसांत हजारो मुलं थांबली ती बेफिकिरीने नव्हे. हजेरी बुडेल, भरलेली फी वाया जाईल, तिकीट महाग आहे, आणि विद्यापीठ तर म्हणतंय काही होणार नाही. प्रत्येक कारण खरं होतं. पण विद्यापीठ, कंपनी किंवा घरमालक यांना तुम्ही राहण्यात रस असतो, आणि युद्धाबद्दल त्यांना वकिलातीहून जास्त माहिती नसते. यासाठी आमचा हिशेब असा: सूचनेत ‘विद्यार्थी’ किंवा ‘कुटुंबीय’ असा वेगळा उल्लेख पहिल्यांदा आला की तिकीट पाहायला घ्यावं. वकिलातीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना परत पाठवलं अशी बातमी आली की तिकीट काढावं. ‘उपलब्ध व्यावसायिक विमानांनी’ असे शब्द दिसले की त्याच आठवड्यात निघावं. पुढच्या सूचनेत विमानं नसण्याचीच शक्यता जास्त. आणि ‘मिळेल त्या साधनाने’ असं आलं, तर सामान आवरण्यातही वेळ घालवू नये.

याच्या उलट चूकही होते. सूचना ‘थांबा’ म्हणते आणि लोक निघतात. २६ फेब्रुवारी २०२२ ला वकिलातीने सांगितलं होतं की सीमेवरच्या भारतीय अधिकाऱ्यांशी आधी बोलल्याशिवाय चौक्यांकडे जाऊ नका. पश्चिमेकडच्या शहरांत अन्न, पाणी आणि निवारा आहे, तिथे थांबणं बरं. तरीही हजारो लोक पोलंडच्या सीमेवरच्या शेहिनीकडे गेले, काही कित्येक किलोमीटर चालत, आणि कडाक्याच्या थंडीत उघड्यावर अडकले. त्याच वेळी रुमानिया आणि हंगेरीकडच्या काही वाटांवर गर्दी कमी होती. कुठली चौकी तुंबली आहे आणि कुठली वाहती, ही माहिती सीमेवर उभ्या असलेल्या माणसाकडेच असते.

तुम्ही तिथे आहात, हे कुणाला ठाऊक आहे?

वकिलातीकडे तुमचं नाव आपोआप येत नाही. व्हिसा तुम्हाला त्या देशाने दिलेला असतो, भारताने नाही. बहुतेक वकिलातींच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज असतो आणि संकट जवळ आलं की वेगळा ऑनलाइन अर्ज काढतात. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी करावी. घर बदललं, फोनचा नंबर बदलला की ती सुधारावी. जुना नंबर असलेली नोंद यादीत दिसते, पण फोन लागत नाही.

कामासाठी जाणाऱ्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली १८ देशांत नोकरीला जाताना, पासपोर्टवर ‘ईसीआर’ (स्थलांतर तपासणी आवश्यक) असलेल्यांना मंजुरी घ्यावी लागते. त्यात आखाती देश आहेत, तसेच इराक, लिबिया, येमेन, सीरिया, सुदान, लेबनॉनही आहेत. ही मंजुरी ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. मालक कोण, पगार किती, एजंट कोण, सगळं तिथे नोंदलं जातं. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही घ्यावा लागतो: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. एजंट जेव्हा म्हणतो, ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ,’ तेव्हा ही सगळी नोंद पुसली जाते. युद्ध पेटलं की असा माणूस कुठल्याच यादीत सापडत नाही. त्याचा व्हिसाही संपलेला असतो, त्यामुळे तो वकिलातीकडे जायला कचरतो. कचरू नये. व्हिसा संपला म्हणून वकिलात कुणाला पकडून देत नाही. निघायची परवानगी आणि दंड यांचा प्रश्न तिला यजमान देशाशी बोलून सोडवावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून अशा माणसाने सर्वांत आधी संपर्क करावा.

अडकल्यावर काय कळवायचं

नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसापुढे एकाच वेळी शेकडो संदेश असतात. ‘सर प्लीज हेल्प, आम्ही फार घाबरलोय’ हे वाचून त्याला पुढे काहीच करता येत नाही. उपयोगी पडतो तो असा संदेश:

‘एकूण १४ भारतीय, त्यात ९ मुली. वसतिगृह क्रमांक ३ चं तळघर. रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला दीड किलोमीटर, पाण्याच्या टाकीशेजारी. एकाला मधुमेह, इन्सुलिन ३ दिवस पुरेल. पिण्याचं पाणी २ दिवस. दोघांचे पासपोर्ट कॉलेजच्या कार्यालयात. हा फोन सकाळी ९ आणि संध्याकाळी ६ ला दहा मिनिटं चालू राहील.’

खाली प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि दुसऱ्या कुणाचा तरी एक फोन नंबर. नकाशावरच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आकड्यांत लिहून पाठवावेत. इंटरनेट गेलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, नकाशाची लिंक मात्र उघडत नाही. गटातून एकानेच बोलावं आणि बाकीच्यांचे फोन बंद ठेवून बॅटरी वाचवावी. ठिकाण बदललं, कुणी गट सोडून गेलं, की लगेच कळवावं. नाहीतर बस १४ जणांसाठी येते आणि तिथे सहाच जण असतात, किंवा वीस.

ठिकाण सोशल मीडियावर जाहीर टाकू नये. रणगाडे, विमानविरोधी तोफा, क्षेपणास्त्र पडलेली जागा यांचे फोटो काढू नयेत. युद्धकाळात हा गुन्हा ठरू शकतो आणि नाक्यावर फोन तपासला जातो. कुणी सीट पक्की करण्यासाठी पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तो ठग आहे.

कागदपत्रं

युद्धातही सीमेवरचा अधिकारी शिक्का मारूनच सोडतो. पासपोर्ट, त्या देशाचं राहण्याचं ओळखपत्र किंवा व्हिसा, या दोन्हींच्या छापील प्रती आणि फोनमधले फोटो जवळ असावेत. पासपोर्ट मालकाकडे किंवा कॉलेजकडे ठेवलेला असेल तर तणाव वाढायला लागताच तो मागून घ्यावा. नंतर त्या कार्यालयाला कुलूप असतं.

पासपोर्ट हरवला असेल तर वकिलात इमर्जन्सी सर्टिफिकेट देते. हा एका खेपेचा कागद आहे, फक्त भारतात परतण्यासाठी. त्यासाठी आपण भारतीय आहोत हे पटवावं लागतं. जुन्या पासपोर्टची प्रत असेल तर काम तासांत होतं. नसेल तर भारतात पडताळणीला पाठवावं लागतं आणि दिवस जातात. पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो पिशवीत टाकून ठेवावेत, युद्धात फोटो स्टुडिओ उघडा नसतो. पण हा कागद हातात आला म्हणजे झालं असं नाही. यजमान देशाची निघण्याची परवानगी आणि मधल्या देशाचा प्रवेश हे दोन्ही त्यावर वेगळे मिळवावे लागतात.

मधल्या देशाचा प्रवेश हे सरकारने सरकारशी बोलायचं काम. युक्रेनमधून येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसाशिवाय आत घेतलं, ते अशा बोलण्यामुळेच. इराणने जून २०२५ मध्ये जमिनीवरच्या सीमा उघड्या ठेवल्या, पण वकिलातींकडून प्रवाशांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि गाडीचा तपशील आधी मागितला. म्हणजे ऐनवेळी भाड्याची गाडी बदलली किंवा यादीत नसलेला मित्र सोबत घेतला तर सगळी गाडी चौकीवर थांबू शकते.

कुणाच्याही ध्यानात न येणारी एक गोष्ट पिवळ्या तापाची. सुदानहून आलेल्या ज्या लोकांकडे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नव्हता, त्यांना भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवलं गेलं. तेव्हा देशभरात शंभरावर लोक असे होते. गोळीबारातून सुटून आलेल्या माणसाला घराच्या दारात सहा दिवसांपर्यंत थांबावं लागतं. आफ्रिकेतल्या ज्या देशांना हा नियम लागू आहे, तिथे राहणाऱ्यांनी तो पिवळा दाखला पासपोर्टच्या आतच ठेवावा. लस आयुष्यभर चालते, पण टोचल्यापासून दहा दिवसांनंतरच ती ग्राह्य धरतात.

कुणाला आधी, किती सामान, पैसे कुणाचे

आजारी, गरोदर, लहान मुलं, वृद्ध, मग इतर, असा क्रम साधारण असतो. जागा कमी असतील तर नवरा मागे राहून बायको-मुलं आधी जातात. त्यामुळे पैसे आणि कागद दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवावेत. सामानाबाबत दक्षिण सुदानचं उदाहरण पुरेसं आहे. जुलै २०१६ मध्ये जुबाहून हवाई दलाच्या विमानात बसणाऱ्यांना जास्तीत जास्त पाच किलोची हातातली पिशवी नेता येणार होती. पाच किलो म्हणजे कागदपत्रं, महिनाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एक जोड कपडे, पॉवर बँक, पाणी, सुका खाऊ, आणि लहान नोटांत डॉलर किंवा युरो. लॅपटॉपही त्यातच मोजायचा. एटीएम पहिल्या दिवशीच रिकामी होतात आणि बसवाले स्थानिक चलन घ्यायला तयार नसतात, म्हणून लहान नोटा. विद्यार्थ्यांनी गुणपत्रकांचे, फीच्या पावत्यांचे फोटो ई-मेलवर टाकून ठेवावेत. युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पुढे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिक्षण पूर्ण करताना याच कागदांची गरज पडली.

खर्चाबद्दल बरेच गैरसमज आहेत. ऑपरेशन गंगा (युक्रेन, २०२२), ऑपरेशन अजय (इस्रायल, २०२३) यांसारख्या मोहिमांत विशेष विमानांचा खर्च भारत सरकारने केला. अमेरिकेत अशा प्रवासाचे पैसे नंतर परत करण्याच्या वचनपत्रावर नागरिकाची सही घेतात. आपल्याकडे तसा शिरस्ता नाही. मात्र मोहीम जाहीर होण्याआधी स्वतः काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळतील, असं धरू नये. वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. पासपोर्ट-व्हिसासारख्या सेवांच्या शुल्कासोबत घेतलेल्या छोट्या रकमेतून तो भरतो. अडचणीतल्या माणसाचं राहणं-जेवण, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, कायदेशीर मदत, मृतदेह घरी पाठवणं आणि युद्धातून सुटका यांसाठी तो वापरता येतो. तो गरजूंसाठी आहे आणि वकिलात परिस्थिती पाहून देते. स्वतःकडे पैसे नाहीत हे स्पष्ट सांगावं, त्यात लाज नाही, निधी त्यासाठीच आहे.

एक कटू गोष्टही आहे. ही मदत मागण्याचा अधिकार भारतीय पासपोर्टवर आहे. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, असलेला माणूस परदेशी नागरिक असतो. विमानात जागा असेल तर त्याला घेतात, येमेनमधून तर ४१ देशांच्या लोकांना आणलं, पण यादीत तो पहिला नसतो. परदेशी पती किंवा पत्नीला भारताचा व्हिसा लागतो. तिकडे जन्मलेल्या मुलाची वकिलातीत जन्मनोंद आणि पासपोर्ट राहून गेला असेल तर सीमेवर आई एकीकडे, मूल एकीकडे अशी वेळ येऊ शकते. शांततेच्या दिवसांत हे काम एका अर्जाचं असतं.

घरच्यांनी काय करावं

गावाकडे बसलेल्यांची घालमेल आम्ही समजू शकतो. पण काका दिल्लीला फोन करतात, मामा आमदारांना, भाऊ ट्विट करतो, आई जिल्हाधिकारी कार्यालयात जाते, आणि एकाच मुलीचं नाव चार याद्यांत चार स्पेलिंगने जातं. त्या याद्या जुळवण्यात लोकांचे तास जातात. ती निघून गेल्यावरही तीन याद्यांत ‘अडकलेली’ म्हणून राहते आणि कुणीतरी तिला शोधत बसतं. म्हणून घरातल्या एकाच माणसाने हे काम घ्यावं. त्याच्याकडे पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, तिकडचा पत्ता, तिकडच्या दोन मित्रांचे नंबर आणि रक्तगट असावा.

पहिली नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षात. संकट वाढलं की त्याचे नंबर जाहीर होतात. दुसरी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात, १०७७ वर. तिथून यादी राज्याकडे आणि दिल्लीला जाते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पगार अडकणं, मृतदेह आणणं, तुरुंगातल्या माणसाची चौकशी अशा लांबणाऱ्या कामांसाठी ते चांगलं, कारण तक्रारीला क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. गोळीबारात अडकलेल्यासाठी आधी फोनच करावा. आणि माणूस सुखरूप सीमा ओलांडून गेला की जिथे जिथे नाव दिलं होतं तिथे ते कळवावं.

तिकडे कुणाला पकडलं असेल तर व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने त्याला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते आणि अधिकाऱ्यांनी ती विनाविलंब पोहोचवायची असते. वकिलात भेटू शकते, वकील मिळवून देऊ शकते, पण सोडण्याचा हुकूम देऊ शकत नाही. मृत्यू झाला असेल तर स्थानिक मृत्यू दाखला, पोलिसांचा अहवाल, जवळच्या नातेवाइकाचं संमतीपत्र, शवलेपनाचा दाखला आणि वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. हवाई हद्द बंद असेल तर यात आठवडे जातात. नातेवाइकाचं संमतीपत्र इथूनच जायचं असतं, तेवढं त्याच दिवशी पाठवावं.

उतरल्यावर

विमान दिल्लीला उतरलं आणि घर नांदेडला असलं तर पुढचा प्रवास राज्य सरकारकडे येतो. मोठ्या मोहिमांत राज्यांचे मदत कक्ष विमानतळावर असतात. बाहेर पडण्याआधी तिथे नाव नोंदवावं, राहण्याची आणि पुढच्या तिकिटाची सोय तिथूनच होते. इमर्जन्सी सर्टिफिकेटवर आलेल्यांनी त्याचा फोटो विमानात बसण्याआधीच काढून ठेवावा, कारण विमानतळावर तो कागद काढून घेतला जाऊ शकतो. नवा पासपोर्ट काढताना जुना कुठे आणि कसा हरवला याचं प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांकडची नोंद द्यावी लागते. तिकडच्या पोलिसांकडे तक्रार करता आली नसेल, तर इथल्या पोलीस ठाण्यात जाताना त्या फोटोसोबत वकिलातीशी झालेला ई-मेल व्यवहारही न्यावा.